वाचक विचारतात : फलकावरच्या बाईच्या हातातलं काम कुठे गेलं?

या अंकाचा विषय आहे जाहिराती, बातम्या आणि पडदा यांत रंगवलं जाणारं आशियाई स्त्रीचं ठरावीक 'मादक' चित्र. पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं जाहिरात, पत्रकारिता आणि कायदा या तीन क्षेत्रांत रोज काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : या विषयावरच्या इंग्रजी लेखांत सगळं चिनी-जपानी बायकांबद्दल असतं. आपला त्यात काय संबंध? आणि हे साचे मुळात आले कुठून? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

संबंध आहे. साचे वेगवेगळे असले तरी ते पाडणारा कारखाना एकच आहे.

पूर्व आशियाई स्त्रीचे दोन ठोकळे फार जुने आहेत. पहिली नाजूक, मान खाली घातलेली, गोऱ्या पुरुषावरून जीव ओवाळून टाकणारी. १९०४ साली मिलानमध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरात जपानी मुलगी अमेरिकी नौदलातल्या अधिकाऱ्याची वाट पाहत राहते आणि शेवटी स्वतःला संपवते. दुसरी तिच्या अगदी उलट, म्हणजे कावेबाज, भुरळ पाडून घात करणारी. तिला 'ड्रॅगन लेडी' हे नाव १९३०च्या दशकातल्या एका अमेरिकी वृत्तपत्री चित्रमालिकेने दिलं. एक मरते, दुसरी मारते. पोटापाण्याचं काम मात्र दोघींपैकी एकीलाही नाही.

हे फक्त करमणुकीत राहिलं असतं तरी वाईटच होतं, पण ते कायद्यातही होतं. अमेरिकेने १८७५ साली 'पेज कायदा' केला. वेश्याव्यवसायासाठी पूर्वेकडच्या देशांतून बायका आणण्यावर बंदी, असं त्याचं कागदावरचं रूप. प्रत्यक्षात जहाजावर चढणाऱ्या चिनी बाईकडे संशयितासारखंच पाहिलं जाई. आपण 'तसल्या' नाही हे तिनेच सिद्ध करायचं, त्यामुळे चिनी बायकांचं अमेरिकेत जाणंच जवळजवळ थांबलं. साचा आधी आणि बाई नंतर, हा क्रम तिथून चालत आला.

हॉलिवूडमधली पहिली चिनी-अमेरिकी तारका ॲना मे वाँग. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, पण भूमिका मिळाल्या त्या दासीच्या नाही तर मोहिनीच्या. १९३७ साली पडद्यावर आलेल्या एका मोठ्या चित्रपटात नायिका चिनी शेतकरीण होती. ती भूमिका लुइझे रायनर या युरोपीय नटीला गोऱ्या चेहऱ्यावर रंग लावून दिली गेली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. वाँगसमोर ठेवली होती ती नायकाला नादी लावणारी दुसरी बाई. तिने नकार दिला. आज अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आहे, तो यायला २०२२ साल उजाडलं.

आणि याचं टोक. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा परिसरातल्या तीन मसाज स्पांमध्ये एका तरुणाने गोळीबार केला. आठ जण गेले, त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया. आपल्याला पडणारा 'मोह' नष्ट करायचा होता, असं त्याने पोलिसांना सांगितलं. समोरची बाई माणूस नसून मोह आहे, हे त्याला कोणीतरी आधी शिकवलेलं होतं.

आता आपल्याकडे. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'ची सात अधिकरणं, म्हणजे भाग, आहेत, त्यांतलं एकच संभोगाविषयी आहे. बाकीच्यात घर कसं लावावं, लग्न कसं जुळवावं, चौसष्ट कला कोणत्या, असं बरंच काही. १८८३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि पुढे जगभरच्या बाजारात त्या एका अधिकरणाचीच सातही झाली. साडी, कुंकू, मेणबत्त्या आणि अर्धमिटले डोळे हा परदेशी जाहिरातीतला 'भारतीय' साचा तिथला. इंग्रजी अमदानीतल्या पोस्टकार्डांवर 'नाच गर्ल' म्हणून ज्या बायका छापल्या, त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षं रियाज केलेल्या गायिका-नर्तकी होत्या. कार्डावर ना राग लिहिलेला, ना घराणं, ना नाव.

जपानी 'गेइशा' शब्दात 'गेइ' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती. अक्षरशः 'कलावंत'. आपल्या 'कलावंतीण' शब्दाचं काय झालं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे कला गळून पडली आणि उरलं ते फक्त शरीर. पुढच्या सगळ्या उत्तरांत आम्ही हीच एक खूण शोधणार आहोत.

प्रश्न : माझी चायनीजची गाडी होती, आता छोटं दुकान घेतलंय. फ्लेक्सवाल्याने बोर्डावर पांढरा चेहरा, लाल ओठ, केसांत चॉपस्टिक खोचलेली बाई टाकली. एका कॉलेजच्या मुलीने 'हे बरोबर नाही' म्हणून सुनावलं. नक्की काय चुकलं, आणि आता बोर्ड बदलायचा तर काय टाकू? (सिंहगड रस्ता)

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण हे चित्र पुण्यातल्या शेकडो गाड्यांवर आहे. फ्लेक्सच्या दुकानात एक तयार फाइल फिरते आणि प्रत्येक जण तीच वापरतो.

चुका एकात एक आहेत. पांढरा रंगवलेला चेहरा आणि किमोनो जपानचा. तुम्ही विकता हक्का नूडल्स आणि मंचुरियन, म्हणजे कोलकात्याच्या चिनी कुटुंबांपासून सुरू झालेलं, आपल्या तिखटाला सरावलेलं भारतीय चायनीज. केसांतल्या काड्या जेवणाच्या नसतात, तो कानझाशी नावाचा दागिना असतो. अंबाड्यात पळी खोचलेली मराठी बाई परदेशी बोर्डावर दिसली तर आपल्याला कसं वाटेल, तसं ते दिसतं.

आता बोर्ड जवळून पाहा. किमोनोचा डावा पदर नेहमी उजव्यावर येतो. समोरून बघताना वरचा काठ आपल्या उजव्या बाजूच्या खांद्यावरून आपल्या डाव्या बाजूच्या कमरेकडे उतरला पाहिजे. उलटा नेसवतात तो फक्त प्रेताला. फ्लेक्सवाला कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काय करतो, तर दुकानाचं नाव डावीकडे असेल तर बाईने नावाकडे बघावं म्हणून चित्र आडवं 'फ्लिप' करतो. त्या एका क्लिकने पदर उलटतो. म्हणजे दुकानाच्या शुभारंभाला दारावर तिरडीचा पोशाख. तुमच्या बोर्डावर हे झालंय का, बघून घ्या.

पण पदर सुलटा केला म्हणजे काम झालं असं नाही. मुळात ती बाई तिथे काय करतेय? ती रांधत नाही, वाढत नाही, खातही नाही. ती अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाकडे बघते. नूडल्सबरोबर तीही मेनूत आहे, असं ते चित्र सांगतं. त्या मुलीला खटकलं ते हे.

बोर्डावर कढई टाका. आचाऱ्याचे हात, उसळलेला जाळ, हवेत उडालेल्या नूडल्स. गिऱ्हाइकाला भूक लागते ती जाळ बघून. फोटो तुमच्याच दुकानात मोबाइलवर निघतो, त्याची रीत अशी. संध्याकाळी साडेसहा-सातला काढा, मागे अंधार असला की जाळ उठून दिसतो. डोक्यावरची पांढरी ट्यूब बंद करा, तिच्या उजेडात नूडल्स हिरवट येतात आणि शिळ्या वाटतात. एका बाजूला पिवळा दिवा, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उजेड परतवायला. मोबाइल कढईपासून तीन फूट लांब, कढईच्या काठाच्या उंचीवर. वरून काढलात तर वाफेने लेन्स धुरकट होते आणि जाळही दिसत नाही. बर्स्टवर, म्हणजे एका दमात भराभर फोटो निघतील असा, ठेवून पंचवीस-तीस फोटो घ्या, त्यातला एखादाच जमतो.

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. बोर्डावर तो ४ फूट रुंद केलात तर इंचाला ८३ पिक्सेल मिळतात, रस्त्यावरून बघायला भरपूर. पूर्ण १० फुटांवर ताणलात तर ३३ उरतात आणि जवळ आल्यावर फोटो फाटलेला दिसतो. म्हणून १० × ३ च्या बोर्डात ४ फूट फोटो, ६ फूट नाव. फोटो फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता पाठवलात तर तो दाबून लहान होतो.

तुमच्याकडे बाई आचारी असेल आणि तिला चालणार असेल तर तिचाच फोटो घ्या, ॲप्रन बांधलेला, नजर कढईत. तिची लेखी परवानगी आणि ठरलेला मोबदला मात्र आधी.

प्रश्न : तोकड्या कपड्यांतली प्रत्येक जाहिरात बंद करावी, प्रश्नच मिटेल. तुमचं काय मत? (सदाशिव पेठ)

पटत नाही. उघडं अंग आणि साचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहण्याच्या पोशाखाच्या जाहिरातीत पोहणारी बाई पोहण्याच्या पोशाखातच असणार. उलट डोक्यावरून पदर घेतलेली बाईही वस्तू बनवली जाऊ शकते. २००७ साली केंद्राने पुरुषांच्या अंतर्वस्त्राची एक टीव्ही जाहिरात बंद केली, तीत नव्या नवरीने घाटावर धुणं धुतलं होतं, बस. आक्षेप होता तो तिच्या हावभावांतून काढलेल्या चावट अर्थाला.

१९९५ मध्ये बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांनी अजगर गुंडाळून विवस्त्र फोटो दिला, त्यावर खटला झाला आणि २००९ साली निर्दोष सुटका झाली. चौदा वर्षं कपड्यांवर गेली. त्या काळात सोज्वळ कपड्यांतल्या किती लाचार बायका टीव्हीवर येऊन गेल्या, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शेकडो जाहिरातींचे फोटो शेजारी-शेजारी लावून पाहिले. त्याला जे दिसलं ते आजही तपासता येतं. पुरुष वस्तू पकडतो, बाई ती नुसती बोटांनी गोंजारते. पुरुष उभा, बाई आडवी किंवा मान तिरकी. पुरुषाची नजर कामावर, बाईची कुठेतरी हरवलेली. आम्ही त्यात एक भर घालू : काप कुठे घेतलाय ते बघा. डोकं कापून धड ठेवलं असेल तर कपडे कितीही असोत, ती जाहिरात नापास.

प्रश्न : बाणेरच्या छोट्या एजन्सीत डिझायनर आहे. चित्रं बनवणाऱ्या एआयला 'एशियन वुमन' म्हटलं की दरवेळी ओले ओठ, खोल गळा. क्लायंट वॉटर प्युरिफायरचा! प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला द्यायची सूचना, कशी लिहू?

आधी कारण. ही साधनं इंटरनेटवरची अब्जावधी चित्रं आणि त्यांच्याखालचे शब्द यांच्या जोड्यांवर शिकवलेली आहेत. त्या ढिगाऱ्यात 'एशियन' या शब्दाशेजारी सर्वांत जास्त काय पडलंय, तेच परत येतं. २०२१ साली अशाच एका चाळीस कोटी चित्रांच्या साठ्याची तपासणी झाली, तेव्हा 'देसी'सारख्या साध्या शब्दालाही अश्लील चित्रांचा ढीग निघाला होता. २०२२ च्या अखेरीस आशियाई वंशाच्या एका महिला पत्रकाराने लोकप्रिय ॲपमध्ये स्वतःचे साधे फोटो घालून १०० चित्रं बनवून घेतली. १६ मध्ये तिच्या अंगात वरचे कपडे नव्हते, आणखी १४ मध्ये जेमतेम होते. तिच्या पुरुष सहकाऱ्यांना ॲपने अंतराळवीर केलं होतं.

म्हणून विशेषणं सोडा आणि काम लिहा. 'सुंदर', 'तरुण', 'आकर्षक', 'मोहक', 'एशियन' हे पाच शब्द प्रॉम्प्टमधून काढा. त्यांच्या जागी : वय आकड्यात, ती करत असलेलं काम, हातातली वस्तू, नजर कुठे, कपड्याचं कापड आणि गळा, कॅमेऱ्याची उंची, खोलीतला उजेड. उदाहरणार्थ : '४२ वर्षांची पुण्यातली गृहिणी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी, उजव्या हाताने फिल्टरची झाकणी फिरवत आहे, डावा हात खालून आधार देतो, नजर झाकणीवर, गळ्यापर्यंत बंद सुती कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कॅमेरा तिच्या छातीच्या नव्हे तर डोळ्यांच्या उंचीवर, डावीकडच्या खिडकीतला सकाळचा उजेड.' इंग्रजीत लिहिलंत तरी क्रम हाच ठेवा, काम पहिल्या ओळीत.

लोक इथे एक चूक करतात. 'खोल गळा नको' असं मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहितात. बऱ्याच साधनांना 'नको' कळत नाही, 'गळा' कळतो, आणि तो हमखास येतो. नकाराची वेगळी चौकट असेल तर तिथे लिहा, नसेल तर हवं ते होकारात लिहा. दुसरा त्रास म्हणजे 'भारतीय' म्हटलं की नवरीचे दागिने, मोठी टिकली, झेंडूच्या माळा. फिल्टर साफ करताना कोणी नथ घालत नाही. 'कानात बारीक बुगडी, हातात एक घड्याळ' असं नेमकं सांगा.

एका प्रॉम्प्टची आठ चित्रं काढा आणि अदलाबदल करून बघा : 'बाई'च्या जागी 'पुरुष' टाकून पुन्हा आठ. पुरुषाचा हात घट्ट आणि बाईचा लुळा, पुरुष पंचेचाळीसचा आणि बाई बावीसची, असा फरक पडला तर प्रॉम्प्ट अजून कच्चा आहे. शेवटी फोटोशॉपमध्ये त्वचा गुळगुळीत करणारी आपोआप प्रक्रिया चालू राहिली नाही ना ते पाहा. सगळी मेहनत तिथे पाण्यात जाते.

आणि खरं सांगायचं तर अर्ध्या दिवसात एखाद्या खऱ्या स्वयंपाकघरात खऱ्या बाईचा फोटो काढणं यापेक्षा सोपं आहे.

प्रश्न : आमच्या चौकात फ्लॅटच्या स्कीमचं होर्डिंग आहे, बाई सोफ्यावर आडवी आणि खाली दुहेरी अर्थाची ओळ. तक्रार करायची तर कुठे? कुणी दाद देतं का? (सातारा रस्ता)

देतात, तक्रार नीट लिहिली तर.

फोटो दोन घ्या. एक लांबून, चौक आणि होर्डिंग दोन्ही दिसतील असा. दुसरा जवळून, ओळ वाचता येईल असा. तारीख-वेळ टिपा. होर्डिंगच्या कडेला एजन्सीचं नाव आणि बऱ्याचदा परवाना क्रमांक असतो, तोही घ्या. क्रमांक नसेल तर तो वेगळाच मुद्दा : फलक अधिकृत आहे का, हे महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग किंवा तुमचं क्षेत्रीय कार्यालय सांगेल. अनधिकृत असेल तर मजकुराचा वाद न घालता तो उतरतो.

मजकुराची तक्रार भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे 'ॲस्की'कडे. जाहिरात क्षेत्राने १९८५ साली स्वतःसाठी उभारलेली ही संस्था मुंबईत आहे. तिच्या संकेतस्थळावर किंवा ७७१०० १२३४५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर तक्रार करता येते, ग्राहकाला शुल्क नाही. जून २०२२ मध्ये तिने लिंगभेदी साच्यांबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की उत्पादनाशी काही संबंध नसताना केवळ चाळवण्यासाठी माणसाला लैंगिक वस्तू म्हणून दाखवू नये. उदाहरणही दिलंय : घरपोच जेवणाच्या जाहिरातीत खाद्यपदार्थांमागे अंतर्वस्त्रांत पहुडलेली बाई. तुमची सोफ्यावरची बाई तिची सख्खी बहीण आहे.

तक्रारी फसतात त्या 'आपल्या संस्कृतीला धक्का', 'लहान मुलं बघतात' एवढंच लिहिल्यामुळे. असं लिहा : 'अमुक चौकात अमुक तारखेला दिसलेल्या या जाहिरातीत सदनिकेची माहिती देण्यासाठी आडवी पहुडलेली स्त्री वापरली आहे. तिचा उत्पादनाशी संबंध नाही. अमुक ओळीचा दुसरा अर्थ तिच्या शरीराकडे बोट दाखवतो. स्त्रीला वस्तू म्हणून दाखवण्याबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा हा भंग आहे.' चार वाक्यं पुरेत. ओळ जशीच्या तशी उतरवा.

जाहिरात टीव्हीवरची असेल तर हात आणखी बळकट आहे. केबल टेलिव्हिजन नियमावली, १९९४ चा नियम ७ सांगतो की स्त्रीची हीन प्रतिमा दाखवणारी, तिच्या निमूट, आज्ञाधारक गुणांवर भर देऊन तिला दुय्यम ठरवणारी जाहिरात दाखवता येणार नाही. नुसतं 'अश्लील' नाही, 'निमूट' हा शब्दही कायद्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. याच नियमात ॲस्कीची संहिता मोडणारी जाहिरात दाखवू नये असंही आहे. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातींत सामूहिक बलात्काराची भीती विनोद म्हणून वापरली होती. लोकांनी आवाज उठवला, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने काही दिवसांत त्या काढायला लावल्या.

पोलिसांत जायचं तर स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन प्रतिबंधक कायदा, १९८६ आहे. गुन्हा दखलपात्र आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजारांनी बिल्डरचं काय बिघडणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी ॲस्की. फलकाला हात लावू नका, काळं फासू नका. गुन्हा तुमच्यावरच होतो. आणि तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. जाहिरातदाराला तेच हवं असतं.

प्रश्न : मी मणिपूरची, विमाननगरच्या सलूनमध्ये काम करते, मराठी इथेच शिकले. गिऱ्हाईक 'आणखी काय मिळेल' म्हणून विचारतात. आधीच्या एका पार्लरने मला न विचारता माझा फोटो 'ओरिएंटल टच' असं लिहून इन्स्टाग्रामवर टाकलाय. काय करू?

ताई, मराठीत इतकं नेमकं पत्र लिहिलंत, मनापासून आभार. आधी फोटोचं बघू.

पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव, तारीख आणि दुवा दिसेल असा. मग पार्लरला लेखी कळवा : 'माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय जाहिरातीसाठी वापरला आहे, ४८ तासांत काढा.' व्हॉट्सॲप चालेल, फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही. 'फोटो आम्हीच काढला होता' असं ते म्हणतील. फोटो काढण्याचा हक्क वेगळा आणि तुमचा चेहरा धंद्याला जुंपण्याची परवानगी वेगळी. शिवाय खाली लिहिलेल्या शब्दांनी तुमच्या कामाची बदनामी होते, तेही लिहा. काढला नाही तर इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. फोटोत फेरफार करून अंग उघडं दाखवलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार तक्रारीनंतर थोड्याच तासांत तो हटवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. तेव्हा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करा.

गिऱ्हाइकांचं बोलणं 'चालायचंच' म्हणून सोडू नका. लैंगिक रोखाचा शेरा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, बाईचा अपमान होईल असा शब्द किंवा हावभाव कलम ७९ खाली. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा गिऱ्हाइकाने केलेल्या छळालाही लागू होतो, तो फक्त साहेबापुरता नाही. सलूनमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत घटनेपासून तीन महिने. म्हणून एका वहीत तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. लगेच मदत हवी तेव्हा ११२.

सलूनच्या मालकांना आमचं सांगणं : दरपत्रक भिंतीवर लावा, प्रत्येक सेवेसमोर मिनिटं आणि रुपये. 'स्पेशल', 'ओरिएंटल', 'एक्झॉटिक' हे शब्द काढा. 'आणखी काय' या प्रश्नाला जागा ठेवतात ते हेच शब्द. तुमच्या कर्मचाऱ्याने केस कापण्याचं प्रशिक्षण घेतलंय तर ते लिहा.

प्रश्न : पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. पुण्यात स्पावर छापा पडला की मथळ्यात 'विदेशी ललना' येतेच. उपसंपादक म्हणतात, 'वाचक उघडतात.' वेगळं कसं लिहायचं? (फर्ग्युसन रस्ता)

एक नमुना मथळा घेऊ : 'स्पाच्या नावाखाली थाई मसाला, चार विदेशी ललना ताब्यात'. आता खालची बातमी वाचा. गुन्हा मालक आणि व्यवस्थापकावर, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली. बायकांची 'सुटका' केली असं पोलिसांच्या पत्रकातच असतं. मग मथळ्यात त्या 'ताब्यात' कशा? आणि मालक मथळ्यातून गेला कुठे? हा शैलीचा प्रश्न नाही, चुकीची बातमी आहे. उपसंपादकांशी याच मुद्द्यावर बोला.

लिहा : 'मसाज केंद्रावर छापा, मालकासह दोघांवर गुन्हा, चार महिलांची सुटका'. शब्दसंख्या जवळपास तेवढीच, कॉलमात बसतो. राष्ट्रीयत्व मथळ्यात नको. पारपत्र काढून घेतलं, नोकरीच्या आमिषाने आणलं, अशी बाब असेल तर आत जरूर द्या, कारण तिथे देश हा गुन्ह्याचा भाग आहे. 'ललना', 'मदनिका', 'तोकड्या कपड्यांत' हे शब्द पत्रकात असले तरी उचलू नका. वय लिहायचं तर आरोपीचंही लिहा. ओढणीने तोंड झाकलेल्या बायकांची रांग हा फोटो नको. बंद शटर, सील, पंचनाम्याचा कागद चालतो. केंद्राची गल्ली, बायकांचं गाव, वसतिगृह यांतलं काहीही देऊ नका, ज्यावरून ओळख पटेल. बलात्काराचा गुन्हा लागला असेल तर ओळख उघड करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा ठरतो, हे मुद्रितशोधकालाही माहीत हवं.

'थाई मसाज' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकून डोळा मारू नका. 'नुआद थाई' ही थायलंडची पारंपरिक मर्दनविद्या आहे, बँकॉकच्या वाट फो मंदिरात ती शिकवली जाते, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. छाप्याच्या बातमीच्या शेवटी पुण्यात परवाने घेऊन, प्रशिक्षण घेऊन हे काम करणाऱ्या एखाद्या बाईचं दोन ओळींचं म्हणणं मिळालं तर घ्या : दिवसाला किती जणांना मसाज देते, मनगटं किती दुखतात, छाप्याच्या बातमीनंतर घरमालक काय म्हणाला. तिच्या परवानगीने, आणि नाव न देता.